पाठीवरचं ऊन

हजारो माणसं आभाळाकडं तोंड करून बसलेली आणि त्यात एकटे अण्णा पाठमोरे.

गेल्या हिवाळ्यात मी अण्णांना विमानांच्या कसरती दाखवायला घेऊन गेलो होतो. शहराचं नाव सांगत नाही. पुढं जी कुरकुर करणार आहे ती कुणा एकाच्या माथी मारायची नाही; अशी मैदानं मी आजवर तीन बघितलीत आणि तिन्हीकडं थोड्याफार फरकानं तोच प्रकार. अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त, वय ७८, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, कान मात्र अजून तिखट. रात्रीच्या गाडीनं गेलो, पहाटे स्टेशनावर चहा प्यालो, मग बस, मग पोलिसांनी जिथं बस अडवली तिथून दोनेक किलोमीटर पायी. फाटकावर पाण्याची बाटली काढून घेतली. आत प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, वर ना कापड ना पत्रा. साडेअकराच्या सुमाराला हवाईदलाच्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानं आली. माझा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला, बोट बटणावर, मागं कोण आहे याचं भान नाही. पहिली फेरी संपल्यावर ‘अण्णा, बघितलं काय?’ म्हणून वळलो, तर अण्णांनी खुर्ची पुरती फिरवून घेतली होती. धावपट्टीकडं पाठ. मांडीवर पांढरा टॉवेल पसरलेला, दोन्ही हात टॉवेलावर, मान खाली. शेजारच्या पोराला वाटलं असावं म्हाताऱ्याला चक्कर आली. ते आईला हलवून दाखवत होतं.

‘अण्णा, विमानं हिकडं आहेत की!’

‘असू दे की. तू काढ फोटो.’

मला राग आला, खोटं कशाला सांगू. दोन पासांचे पैसे, गाडीचं आरक्षण, बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या, आणि हे बसलेत मांडीवरचा टॉवेल बघत. बाकी सगळा कार्यक्रम त्यांनी तसाच काढला. परतीच्या गाडीत खालच्या बर्थवर आडवे होता होता मी विचारलं, एवढं लांब जाऊन तुम्ही काही बघितलंच नाही. त्यावर म्हणाले, ‘बघितलो की रे. सावली गेली अंगावरनं. टॉवेलावरनं.’ किती होत्या, विचारलं. ‘मोजायला कुठं गावतात? सटकन गेल्या.’ आणि दिवा मालवून कुशीवर वळले. मी वरच्या बर्थवर. पंखा खडखडत होता आणि मला तो टॉवेल काही डोळ्यांपुढून जाईना.

आमचा फोटो स्टुडिओ आहे, बेळगावच्या शहापुरात. वडिलांनी काढलेला. लग्नं, मुंज, डोहाळजेवण, पासपोर्ट, हल्ली आधारकार्ड लॅमिनेट करणं, यावर घर चालतं. पक्षी आणि विमानं हा माझा बिनकमाईचा नाद. घरी येऊन त्या दिवसाचे अकराशेवर फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि मी एकेक पुढं सरकवत गेलो. पांढरंफटक आभाळ आणि त्यावर काळी विमानं. पंखांचा लाल-पांढरा रंग कुठंच नाही, वैमानिकाचं शिरस्त्राण नाही, काचेवरची चमक नाही. मळणीच्या खळ्यावरून कावळे उठावेत तसं. उजेड वाढवून बघितला, सावल्या उचलून बघितल्या, तर काळ्याचं राखाडी झालं एवढंच. गंमत म्हणजे ही चूक आमच्या स्टुडिओत कालपरवा कामाला लागलेला पोरगाही करत नाही. नवरीला खिडकीकडं पाठ करून उभं करायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. वडिलांच्या वेळी छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि एक फ्रेम वाया गेली तर ते रात्री जेवताना बोलून दाखवायचे. अकराशे फ्रेम वाया घालवलेल्या मला ते काय म्हणाले असते, कोण जाणे.

मोबाइलवर नकाशा उघडला. त्या मैदानाची धावपट्टी पूर्व-पश्चिम. लोकांना बसवलं होतं उत्तरेच्या अंगाला, म्हणजे तोंडं दक्षिणेला. हिवाळ्यात आपल्याकडं दुपारचा सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. याचा अर्थ सकाळी दहापासून अडीचपर्यंत प्रत्येक माणूस उन्हात तोंड घालून बसलेला, आणि प्रत्येक विमान सूर्याच्या बाजूनं येणारं. धावपट्टीच्या पलीकडं, दक्षिणेला, उन्हाकडं पाठ करून बसता आलं असतं अशी लांबच लांब मोकळी जमीन होती. मला ती चांगली आठवते, कारण मधल्या कंटाळ्यात मी तिचाच फोटो काढला होता.

तिथं शेळ्या चरत होत्या.

लोकांना उत्तरेला का बसवलं हे उघड आहे. डांबरी रस्ता उत्तरेला, गाड्यांचा तळ उत्तरेला, पाहुण्यांचं फाटक उत्तरेला. मांडव आधी पाहुण्यांसाठी ठरतो, मग त्याच्या डाव्या-उजव्या हाताला दोरी बांधून उरलेली जनता. पाहुण्यांच्या डोक्यावर कापड असतं, त्यामुळं ऊन कुठून येतं हा प्रश्न त्यांना पडत नाही. पाहुणे अकराला येणार म्हणून कार्यक्रम अकराला. खरं तर आठ ते दहा हीच वेळ सोन्यासारखी. दहानंतर जमीन तापते, धावपट्टीवर मृगजळ हलायला लागतं आणि दीड लाखाची लेन्स असली तरी विमानाची शेपटी पाण्यात बुडवून काढल्यासारखी येते. (मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बेळगावात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला सरकतो, तेवढ्या दिवसांत उत्तरेला बसवणारे बरोबर ठरतील. पण वळवाच्या आणि मृगाच्या पावसात विमानांचा खेळ कोण मांडतो?)

मला बेळगावजवळच्या सांब्र्याचा बांध आठवला. माझी आत्या सांब्र्याची, म्हणजे तिथं दिलेली. त्यांचं शेत तिथल्या विमानतळाच्या दक्षिणेला. लहानपणी मे महिन्यात आणि दिवाळीत आम्ही पोरं त्या बांधावर असायचो. सांब्र्याची धावपट्टीही साधारण पूर्व-पश्चिमच आहे, पावसाळी वारं पश्चिमेकडून आलं की विमानं बेळगाव शहराकडं तोंड करून उडतात. आम्हाला दिशा, वारा यातलं काही कळत नव्हतं. आतोबा एवढंच म्हणायचे, बांधाच्या ह्या अंगाला बसा, डोळ्यावर ऊन येत नाही. शेतकरी दिवसभर उन्हात असतो, त्याला ऊन पाठीवर घ्यायची अक्कल असते. हवाईदलाच्या जवानांचं प्रशिक्षण केंद्र तिथंच, त्यामुळं पहाटे बूट आपटल्याचे आवाज आणि शिट्ट्या शेतापर्यंत यायच्या, आणि आतोबांचा बैल त्या तालावर कान हलवायचा असं आम्ही ठरवून टाकलं होतं.

आजीची आठवण त्याच्याही मागची. ती लेकीकडं सांब्र्याला जायची तेव्हा एकच गोष्ट प्रत्येक वेळी सांगायची. डिसेंबर १९६१. गोव्याची कारवाई. १८ डिसेंबरला सांब्र्याहून हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं पोर्तुगीजांचं वायरलेस स्टेशन फोडून आली, हे मी पुढं वाचलं. आजीला हंटर माहीत नव्हतं, बांबोळी माहीत नव्हतं. तिला माहीत होती ती उतरंड. सहा मडक्यांची उतरंड थरथरली आणि सगळ्यात वरच्या मडक्यावरचं झाकण नाचत नाचत खाली पडलं, फुटलं नाही. ‘गोवा घेटलं त्यादिवशी झाकण पडलं’ ही तिची इतिहासाची नोंद. तिनं विमान पाहिलं का, तर नाही. ती चुलीपाशी होती. आता लिहिताना लक्षात येतंय की आमच्या घरात विमान बघण्यापेक्षा विमान अंगाला लागण्याचीच परंपरा दिसते. आजीला झाकण, अण्णांना सावली.

पण कॅमेरेवाल्याचं तसं भागत नाही. विमानाच्या फोटोत सगळा खेळ वेळेचा. जेट असेल तर सेकंदाचा हजारावा, दीड हजारावा भाग, नाहीतर हललं. पंख्याचं विमान किंवा हेलिकॉप्टर असेल तर बरोबर उलटं: सेकंदाचा सव्वाशेवा भाग, किंवा त्याहून सावकाश. घाईत जेटच्या वेगावरच हेलिकॉप्टर काढलं की पाती जागच्या जागी थिजतात आणि ते यात्रेतल्या खेळण्यासारखं दोरीला टांगलेलं दिसतं. म्हणून पुढं काय येणार हे आधी कळायला लागतं, निदान एक मिनिट आधी. एका कागदावर क्रम छापून वाटला असता तरी चाललं असतं. लग्नपत्रिकेवर हळदीपासून वरातीपर्यंत सगळं छापतो आपण. त्या दिवशी ध्रुव हेलिकॉप्टरं आली तेव्हा मी दीड हजारावर होतो. हवाईदलाच्या सारंग पथकाच्या त्या चार हेलिकॉप्टरांचे माझ्याकडं चाळीस फोटो आहेत आणि चाळीसही फोटोंत ती पडायच्या बेतात असल्यासारखी दिसतात.

लाउडस्पीकर होता. पाहुण्यांच्या मांडवाशी. आमच्यापर्यंत वाऱ्यावर फक्त ‘...ओं और सज्जनों’ एवढं यायचं. इंग्रजी आणि हिंदी आलटून पालटून चाललं होतं म्हणे. आम्ही सीमाभागातली माणसं, फलक आणि घोषणा कुठल्या भाषेत आहेत याकडं आमचं लक्ष आपोआप जातं, ती खोडच लागलीय. पण तिथं भाषेपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. ऐकूच येत नव्हतं. आणि विमानाच्या खेळात आवाज फसवतो. आवाजाला किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, तेवढ्यात जेट अर्धं मैदान ओलांडून गेलेलं असतं. नवखा माणूस आवाज येतो तिकडं बघतो आणि रिकामं आभाळ बघून घरी जातो. ‘डावीकडं बघा, झाडांच्या वर, दोन विमानं समोरासमोर येतायत’ असं कुणीतरी चार सेकंद आधी ओरडायला पाहिजे.

आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात हे शंभर वर्षं चाललंय. आनंदवाडीच्या आखाड्यात मी वडिलांच्या खांद्यावर बसून कुस्त्या बघितल्या, पुढं तिथंच फोटो काढले. मातीचा हौदा मधोमध, माणसं चारी बाजूंनी. पुढचे मांडी घालून जमिनीवर, मागचे उभे, त्यामागचे भिंतीवर, झाडावर. पुढं बसलेला कुणी उठला की मागून चिरमुरे फेकून मारतात, पोलीस लागत नाही. माइकवरचा माणूस पैलवान लंगोट कसतोय तोवर त्याचा वस्ताद कोण, तालीम कुठली, मागच्या साली कुणाला चितपट केला, सगळं ओतून मोकळा होतो आणि डाव पडायच्या आधी सांगतो, ‘घिस्सा काढणार, बघा बघा, घिस्सा...’ त्याला डाव आधी दिसतो, कारण तो स्वतः माती खाल्लेला असतो. शिवाय हलगी. कुस्ती रंगेल तशी हलगी चढते, त्यामुळं खांबाआड उभ्या असलेल्या माणसालाही कळतं की आता काहीतरी होणार, मान काढायला हवी. विमानांच्या मैदानावर माइक एखाद्या निवृत्त वैमानिकाच्या हातात द्यावा आणि दर पन्नास पावलांवर एक छोटा कर्णा लावावा. दिवसभर इव्हेंटवाल्या मुलीनं ‘जोरदार टाळ्या’ म्हणत राहण्यापेक्षा ते बरं. टाळ्यांचा आवाज विमानापर्यंत जात नाही, हे तिला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

पाण्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ६ ऑक्टोबर २०२४ ला चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर हवाईदलाच्या कसरती बघायला लाखोंनी माणसं जमली, ऐन अकरा ते एकच्या उन्हात. त्या दिवशी पाच माणसं गेली. विमानाला काही झालं नव्हतं, एक खिळा पडला नव्हता. ऊन, गर्दी, पाणी नाही, घरी जायला वाट नाही. बातमी वाचली तेव्हा मी हळहळलो आणि विसरलो. फाटकावर अण्णांच्या हातातली बाटली काढून घेतली तेव्हा आठवली. आत टँकर आहे म्हणाले. टँकर होता, खुर्च्यांपासून शेवटच्या टोकाला, आणि त्याच्या तोटीखाली एक पेला साखळीनं बांधलेला. मी रांगेत पंचवीस मिनिटं उभा राहून अण्णांसाठी टोपीत पाणी आणलं. खरंच टोपीत; दुसरं भांडं नव्हतं.

आणि आमच्या भागातल्या लक्ष्मीच्या यात्रा बघा. कैक वर्षांनी गावावर पाळी येते, हजार उंबऱ्याच्या गावात लाखभर माणूस उतरतं. तिथं कुणी पाण्याचं नियोजन वगैरे शब्द वापरत नाही. ज्याच्या त्याच्या दारात पिंप, त्यावर फळी, फळीवर तांब्या. गाडा ज्या वाटेनं जाणार त्या वाटेवरची घरं दुप्पट पिंपं मांडतात. पोरं वाटेवर पाणी शिंपडतात, धूळ बसावी म्हणून. म्हातारी माणसं सावलीच्या कट्ट्यावर बसतात आणि तरणी पोरं उन्हात नाचतात, ही वाटणी आपोआप होते. यात्रेत चेंगराचेंगरी होत नाही, भांडण होत नाही असं मी म्हणणार नाही, गेल्या खेपेला आमच्याच पाहुण्याचा पाकीटमारानं खिसा कापला. पण तहानेनं कुणी पडलं असं ऐकलं नाही.

जवळून दिसावं ही मात्र मी कधी मागणी करणार नाही, हात कितीही शिवशिवले तरी. कॅमेरेवाल्याला सगळं जवळच हवं असतं. लग्नात भटजींच्या मांडीवर पाय देऊन मंगळसूत्राचा फोटो काढणारी आमची जात. २८ ऑगस्ट १९८८ ला जर्मनीत रामश्टाइनला इटलीच्या पथकाची विमानं हवेत आदळली आणि एकटं विमान प्रेक्षकांच्या दिशेनं येत होतं ते थेट गर्दीत कोसळलं. सत्तर माणसं गेली. गर्दीकडं तोंड करून येणाऱ्या कसरतींवर त्यानंतर बंधनं आली, अंतरं वाढली. आपल्याकडं १९ फेब्रुवारी २०१९ ला बेंगळुरूच्या येलहंक्याला सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांना लागली आणि एक वैमानिक गेला. त्याच आठवड्यात त्याच ठिकाणी गाड्यांच्या तळावर वाळल्या गवतानं पेट घेतला आणि तीनशेच्या आसपास गाड्या जळाल्या. गवत! नऊ विमानं पाचेक मीटरच्या अंतरानं एकमेकांच्या कुशीत उडवण्याचा अभ्यास आहे आपल्याकडं, १९९६ साली बीदरला हे पथक उभं राहिल्यापासूनचा. खाली गवत कापून घ्यायचं मात्र कुणाच्या तरी यादीतून राहून जातं.

म्हणून मला लांब चालेल. लांबून, पण उन्हाकडं पाठ करून. आणि थोडं उंचावरून. त्या तिन्ही मैदानांवर माझ्या फोटोंत सगळ्यात जास्त वेळा काय आलंय तर बापाच्या खांद्यावरचं पोर. त्यांचा काय दोष, आनंदवाडीत मीही तिथंच होतो. जेसीबीनं एका दिवसात मातीचा उतरता बांध घालता येतो, मागच्या माणसाला पुढच्याच्या डोक्यावरून दिसेल असा; शेताला ताल घालतो तसा. त्याच्या एका टोकाला कॅमेरेवाल्यांना जागा करून द्यावी, पैसे घ्यावेत हवे तर, आम्ही देऊ. आमच्या तिपाया आणि कोपरं यांचा इतरांना होणारा त्रासही वाचेल. त्या दिवशी माझ्या लेन्सचा मागचा भाग एका काकूंच्या अंबाड्याला तीनदा लागला. तिसऱ्यांदा त्या कानडीत जे म्हणाल्या ते मला नीट समजलं, पण इथं लिहीत नाही.

अण्णांचं कोडं तेवढं सुटेना. घरी आल्यावर काकूनं विचारलं, तर म्हणाले मान अवघडली होती. संध्याकाळी कॅम्पातल्या मिलिटरी महादेवापाशी त्यांची पेन्शनर मंडळी बसते. तिथं मी त्यांना सोडायला गेलो तर गोष्ट वेगळीच झाली होती. ‘विमान डोक्यावर आलं की जवान वर बघत नाही. वरनं तोंड चमकतं. एकाहत्तरात शिकवलेलं अंगात मुरलंय.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, बरोबर, आमच्या उस्तादानं वर बघितलं म्हणून पाठीत लाथ घातली होती. मला ती गोष्ट इतकी आवडली की घरी येऊन बायकोला सांगितली, आणि सांगता सांगता माझाच घसा दाटला. आठ दिवसांनी अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा ते त्यांना म्हणाले, ‘ऊन चावतं डोळ्याला. विमानं बघायला गेलो तर पाठ करून बसायला लागलं बघा.’ तीन ऐकणारे, तीन कारणं. चौथं मला गाडीत दिलेलं. यातलं खरं कुठलं हे विचारायचं धाडस मी केलं नाही, आणि चारही खरी असायला काही हरकतही नाही.

सावलीचं गणित मला उशिरा सुटलं, दुकानात एका पोराचा पासपोर्ट फोटो काढताना. दिवा डावीकडं होता आणि पोराच्या कानाची सावली उजवीकडच्या पडद्यावर पडली होती, ती काढायला दिवा सरकवत होतो. तेव्हा डोक्यात आलं. सूर्य दक्षिणेला, विमानं धावपट्टीवर, तर सावल्या उत्तरेला पडणार. उत्तरेला कोण? आम्ही. विमानं पुरेशी उंचावरून गेली तर सावल्या बरोबर आमच्या खुर्च्यांवरून जाणार. ज्या कारणानं माझे अकराशे फोटो काळे पडले, त्याच कारणानं अण्णांच्या टॉवेलावर नऊ विमानं उतरली होती. चुकीच्या जागी बसवलेल्या हजारो माणसांत त्या चुकीचा फायदा एकट्यानं घेतला होता. उरलेले आम्ही डोळ्यांवर हात धरून वर बघत होतो.

पोराला म्हटलं, हलू नको. ते हललं नव्हतं.

गेल्या महिन्यात आत्याकडं गेलो, अण्णांना घेऊन. हरभरा घाट्यांवर आला होता, आतेभावानं टहाळ्याची पेंढी उपटून हातात दिली. जेवणाआधी बांधावर जाऊन बसलो. कॅमेरा गाडीतच ठेवला होता. तिथं हवाईदलाची हद्द आहे, फोटो काढायला मनाई आहे आणि तसा फलकही आहे. लहानपणापासून तो फलक बघत आलोय, आता तर त्याचा पत्राही गंजलाय. म्हणजे बघा, जिथं फोटो काढू देतात तिथं दिसत नाही आणि जिथं सगळ्यात चांगलं दिसतं तिथं काढू देत नाहीत. हात रिकामे असले की काय करायचं हे आम्हा लोकांना कळत नाही. मी घाटे सोलत बसलो. आंबेनं बोटं चिकट झाली. पाठ मस्त शेकत होती.

साडेअकराच्या सुमाराला पंख्याचं प्रवासी विमान पूर्वेकडून उतरायला आलं. अण्णांनी आवाज आधी पकडला, पण आवाजाकडं न बघता मान थेट धावपट्टीच्या टोकाकडं वळवली. विमान खाली आलं. पोटाखालची चाकं, पंख्यांची राखाडी चकती, शेपटीवरचा रंग, खिडक्यांची ओळ, सगळं लख्ख. मी मनातल्या मनात सव्वाशेवा भाग लावला आणि बटण दाबलं. अण्णा कपाळावर हात न धरता बघत होते. चाकं टेकली, थोडा धूर झाला, विमान आमच्या समोरून शहराच्या दिशेनं पळत गेलं.

‘दिसलं काय?’ मी विचारलं.

‘दिसलं की. चाकाचा धूरसुद्धा दिसला.’ त्यांनी एक घाटा फोडला, दोन दाणे होते, त्यातला एक मला दिला. मग मांडीवरच्या टॉवेलाकडं एकदा बघितलं. ‘सावली पलीकडं पडली बघ आज.’